फ्रिजचे दार नीट लागत नसेल, तर रबर बदलण्यापूर्वी काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही घर बदलले आणि तेव्हापासून तुमच्या सात वर्षे जुन्या, दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजचे खालचे मोठे दार नीट लागत नाही. जोराने ढकलले तर लागते, पण हलक्या हाताने सोडले तर हँडलच्या बाजूला बोटभर उघडे राहते. सकाळी पाहावे तर कधी खालच्या कोपऱ्यात फट दिसते, भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलेले असते आणि कॉम्प्रेसर जवळजवळ बंदच होत नाही. एका मेकॅनिकने रबर बदलायला सांगितले आहे, दुसऱ्याने गॅस कमी झाल्याची शंका घेतली आहे, आणि तुमच्या सासूबाईंनी दाराला बाहेरून एक लहानशी कडी लावून घ्यावी असे सुचवले आहे. यातले नेमके काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

तक्रार घर बदलल्यानंतर सुरू झाली, हा तुम्ही जाता जाता लिहिलेला तपशील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मी रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत गेली अठ्ठावीस वर्षे फ्रिजदुरुस्तीचे काम करतो, आणि दाराच्या तक्रारीसाठी बोलावणे आले की हे कधीपासून होत आहे, हाच प्रश्न आधी विचारतो. दाराचे रबर हळूहळू खराब होते. त्याला वर्षे लागतात, आणि त्या काळात तक्रारही थोडीथोडी वाढत जाते. जी तक्रार एका ठरावीक दिवसापासून सुरू होते, तिचे कारण बहुधा त्या दिवशी जे बदलले त्यातच असते. तुमच्या घरी त्या दिवशी फ्रिजखालची जमीन बदलली, फ्रिज उचलून आडवातिडवा नेला गेला आणि त्याच्या आतली मांडणी नव्याने झाली. रबर होते तेच राहिले. प्रत्यक्ष फ्रिज न पाहता मी खात्रीचे निदान करू शकत नाही, हे आधीच कबूल करतो. पण कोणत्या क्रमाने पाहत जावे हे नक्की सांगू शकतो, कारण त्या क्रमानेच विनाकारण होणारा खर्च टळतो.

‘दार लागत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे सोडून दिलेले दार स्वतःहून चौकटीपर्यंत येतच नाही. दुसरी म्हणजे दार येते, टेकते, पण सगळीकडून गच्च बसत नाही. तिसरी म्हणजे गच्च बसलेले दार थोड्या वेळाने पुन्हा उघडते. लोक या तिन्हींचा दोष रबराला देतात. रबराच्या आत एक लवचिक चुंबकपट्टी असते आणि ती फ्रिजच्या पत्र्याच्या चौकटीला चिकटते, हे खरे आहे; पण त्या चुंबकाची ओढ अगदी शेवटच्या काही मिलिमीटरांत लागू होते. दार बोटभर लांब असताना तो चुंबक त्याला ओढून आणू शकत नाही, मग रबर कितीही नवे असो. दार चौकटीपर्यंत आणण्याचे काम बिजागरीचे आणि फ्रिजच्या उभे राहण्याच्या पद्धतीचे. तिथून पुढे ते धरून ठेवण्याचे काम चुंबकाचे. तुमचे दार ढकलले की लागते आणि सोडले की बोटभर उघडे राहते, म्हणजे तुमची मुख्य तक्रार पहिल्या प्रकारची दिसते. खालच्या कोपऱ्यातली फट हा दुसऱ्या प्रकारचा भाग आहे. त्याचा विचार नंतर करू.

म्हणून सुरुवात जमिनीपासून करावी. फ्रिजची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा किंचित उंच असावी लागते, साधारण पाऊण ते एक सेंटीमीटर. एवढ्याशा उतारामुळे अर्धे उघडलेले दार स्वतःच्या वजनाने हळूहळू मागे येते. उलट, पुढची बाजू नखभर जरी खाली असली तरी तेच वजन दाराला बाहेर ओढते. आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत, विशेषतः जुन्या इमारतींत आणि वाड्यांत, जमिनीला मोरीच्या दिशेने मुद्दाम उतार दिलेला असतो, म्हणजे फरशी धुतल्यावर पाणी तिकडे वाहून जावे. तो उतार डोळ्यांना दिसत नाही. फ्रिजचे तोंड मोरीकडे असेल, तर त्याचे दार कायम उताराच्या दिशेने झुकलेले असते.

काही वर्षांपूर्वी एका आजींच्या घरी गेलो होतो. दोन वर्षांत तीन वेळा रबर बदलून झाले होते, आणि तरीही दार उघडे राहते म्हणून त्या रोज रात्री दाराला पाट्यावरचा वरवंटा टेकवून ठेवत. सकाळी तो उचलून वाटणाला घ्यायचा आणि रात्री पुन्हा फ्रिजपाशी न्यायचा, असा त्यांचा क्रम झाला होता. मी एका सपाट ताटलीत पाव पेला पाणी घालून ती फ्रिजच्या डोक्यावर ठेवली. सगळे पाणी पुढच्या कडेला गोळा झाले आणि मागचा अर्धा भाग कोरडा पडला. समोरच्या दोन पायांखाली शहाबादी फरशीचा एकेक पातळ तुकडा सरकवला. नंतर आजींनी दार उघडून हात काढला, तेव्हा ते आपले आपण परत गेले आणि टप्प आवाज करून बसले. त्या तिसऱ्या रबरात काहीही दोष नव्हता, आणि पहिल्या दोन रबरांतही फारसा असेल असे मला वाटत नाही.

तुम्हीही हीच ताटलीची चाचणी करा. घरी गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तमच. ती फ्रिजच्या डोक्यावर आधी पुढून मागे आणि नंतर डावीकडून उजवीकडे ठेवून पाहा. डावी-उजवी बाजू सपाट हवी, उतार फक्त मागे हवा. बहुतेक फ्रिजना समोर दोन फिरवता येणारे पाये असतात. फ्रिज हलवताना ते अडू नयेत म्हणून सामान नेणारी माणसे ते पूर्ण आत फिरवून ठेवतात, आणि नव्या घरी ते पुन्हा बाहेर काढायचे राहून जाते. तुमच्या बाबतीत हेच झाले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. दारातल्या बाटल्या काढून घ्या, एका माणसाने फ्रिज वरून मागे किंचित रेलून धरावा आणि दुसऱ्याने खाली वाकून पाया हाताने किंवा पान्याने फिरवावा. कोणत्या दिशेला फिरवल्यावर पाया बाहेर येतो हे अर्धा फेरा फिरवून लगेच कळते. पाये तुटले किंवा हरवले असतील, तर जाड प्लायवूडचे सारख्या उंचीचे दोन तुकडे चालतात. पुठ्ठा वापरू नका. ओल लागली की तो दबतो आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

इथे आणखी एक गोष्ट तपासा. फ्रिजचे समोरासमोरचे कोपरे वरून आळीपाळीने दाबा. तो डुलत असेल, तर एक पाया हवेत आहे. फ्रिजची पेटी पातळ पत्र्याची असते; तीन पायांवर उभी राहिली की ती अगदी थोडी पिळली जाते आणि दार चौकोनी असले तरी चौकट चौकोनी राहत नाही. कोपऱ्यात फट पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि ते दारात शोधून सापडत नाही. फ्रिज चाकांच्या स्टँडवर ठेवला असेल तर तो स्टँड काढून, थेट जमिनीवर उभा करून एकदा पाहा. स्टँडचे प्लास्टिक वर्षभरात मध्ये दबते, आणि मग वर कितीही पाये फिरवले तरी उपयोग होत नाही. मी शक्यतो ग्राहकांना स्टँड वापरू नका असेच सांगतो. पावसाळ्यात घरात पाणी येत असेल तर मात्र पक्क्या विटांचा सपाट ओटा करून घ्यावा.

एवढे केल्यावर दार साधारण अर्धे उघडून सोडून द्या. ते हळू आत आले आणि टप्प करून बसले, तर निम्मे काम झाले.

यानंतर फ्रिजच्या आतल्या सामानाकडे या. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दारात एक-एक लिटरच्या सहा बाटल्या, दुधाच्या दोन पिशव्या, सॉस आणि लोणच्याच्या बरण्या असे धरले, तर दहा किलोंचे ओझे फक्त दोन बिजागऱ्यांवर लोंबकळत असते. हे वजन काही दिवसांत दार बिघडवत नाही, पण सात वर्षांत बिजागरीच्या बुशची, म्हणजे पिनभोवती बसवलेल्या लहान नळीची, झीज करते. पाण्याच्या बाटल्या आतल्या कप्प्यात आडव्या ठेवता आल्या तर ठेवाव्यात.

आतली एखादी वस्तू दाराला अडत आहे का, हे शोधणे मात्र वाटते तितके सोपे नसते, कारण दार लावल्यावर आत काय होते ते दिसत नाही. भाजीचा ट्रे पूर्ण आत गेलेला नसतो, काचेचा कप्पा एक खाच पुढे बसलेला असतो, किंवा दह्याच्या पातेल्याचा कान दारातल्या रॅकला लागत असतो. घर बदलताना कप्पे काढून वेगळे बांधलेले असतात आणि पुन्हा बसवताना वरखाली होतात, म्हणून तुम्ही हे अवश्य पाहा. यासाठी मी कणकेचा उपयोग करतो. ज्या वस्तू पुढे आल्यासारख्या वाटतात त्यांच्या कडेला सुपारीएवढे कणकेचे गोळे चिकटवायचे, दार हळू लावायचे आणि उघडून पाहायचे. जो गोळा चपटा झाला, तिथे अडते आहे. फ्रिज पूर्ण रिकामा करून दार लागते का ते पाहणे हाही मार्ग आहे, पण कणकेने नेमकी जागा कळते.

आता बिजागऱ्या. दोन दारांच्या फ्रिजमध्ये खालचे दार मधल्या आणि खालच्या अशा दोन बिजागऱ्यांमध्ये अडकवलेले असते. फ्रिजसमोर चार पावलांवर उभे राहून वरच्या आणि खालच्या दारामधली फट पाहा. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी हवी. हँडलच्या बाजूला फट रुंद दिसत असेल, तर दार त्या बाजूला उतरले आहे. दार अर्धे उघडून हँडलच्या बाजूने दोन्ही हातांनी हलकेच वर उचला. ते खालीवर खुळखुळत असेल, तर स्क्रू सैल आहेत किंवा बुश झिजले आहे. नव्या घराचा जिना अरुंद असेल तर सामान नेणाऱ्यांनी दारे काढून फ्रिज वर चढवला होता का, हेही आठवून पाहा. दारे काढली की खालच्या पिनवरच्या पातळ चकत्या निसटून पडतात आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. त्या दीड-दोन मिलिमीटरच्या असतात, पण तेवढ्यानेच दार खाली बसते आणि त्याच्या तळाचा रबराचा कोपरा चौकटीवर घासत जातो. तुमच्या खालच्या कोपऱ्यातल्या फटीचे कारण हेही असू शकते.

बऱ्याच फ्रिजमध्ये खालच्या बिजागरीपाशी प्लास्टिकचे दोन तिरके तुकडे एकमेकांवर बसवलेले असतात. दार लागण्याच्या बेतात आले की वरचा तुकडा खालच्या उतारावरून घसरतो आणि दार शेवटचे काही अंतर आपोआप आत जाते. हा तुकडा झिजला किंवा तडकला की ती घसरण संपते. त्याची एक खूण सांगतो: खालच्या बिजागरीच्या अगदी खाली, फरशीवर प्लास्टिकचा बारीक चुरा सापडतो. लोक तो केराबरोबर झाडून टाकतात. तो दिसला, तर रबराच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ किमतीचा तो तुकडा तुमच्या मॉडेलचा मागवून बदलून घ्यावा.

स्क्रू आवळणे घरी करता येते. आधी प्लग काढा. बहुतेक ठिकाणी ८ किंवा १० मिमीचा पाना लागतो, काही ठिकाणी चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू पूर्ण काढू नका. थोडे सैल करा, दुसऱ्या माणसाने दार योग्य रेषेत उचलून धरावे, आणि तसेच धरलेले असताना स्क्रू आवळावेत. दार उतरवून चकत्या किंवा बुश बदलायचे असेल तर मात्र माहीतगार माणसाला बोलवा, कारण खालचे दार काढण्यासाठी मधली बिजागरी सोडवावी लागते आणि त्यासाठी वरचे दारही उतरवावे लागते. नव्या फ्रिजमध्ये वरच्या बिजागरीतून विजेच्या ताराही गेलेल्या असतात. आमच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. खाऱ्या हवेने खालची बिजागरी आणि तिच्यामागचा पत्रा गंजतो, आणि स्क्रू आवळायला जावे तर त्याचे भोकच मोठे होते. गंज वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने घासून रंग देऊन भागते. पत्रा कुजला असेल तर आतून पट्टी देऊन बिजागरी बसवावी लागते, आणि ते किती टिकेल हे पत्र्याच्या अवस्थेवर अवलंबून असते.

एवढे सगळे झाल्यावर रबराकडे वळावे. दहा रुपयांची नोट दार आणि चौकटीमध्ये अर्धी आत ठेवून दार लावा आणि नोट हळू ओढा. ती थोडी अडून, घासत बाहेर यायला हवी. सहज सुटून आली, तर तिथे पकड नाही. असे एकेक वीत अंतरावर चारही बाजूंनी करा आणि जिथे पकड नाही तिथे पेन्सिलने खूण करा. अनेकजण फक्त हँडलच्या बाजूला पाहतात. खरी गळती पुष्कळदा बिजागरीच्या बाजूला किंवा कोपऱ्यांत असते. खात्री करायची असेल तर रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवा, फ्रिजमध्ये पेटती बॅटरी दाराकडे तोंड करून ठेवा, दार लावा आणि कडेने डोळा फिरवा; फट असेल तिथे उजेडाची रेघ दिसते.

पकड नसण्याचे सर्वांत साधे कारण मळ हे असते. रबराच्या घड्यांत दूध, सरबत, आमरस यांचे थेंब सुकतात, त्यावर बुरशी येते आणि रबर चौकटीला नीट टेकत नाही. काही वेळा ते चिकटते आणि दार उघडताना ओढले जाऊन खाचेतून बाहेर येते. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून, जुन्या टूथब्रशने प्रत्येक घडी उघडून धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चौकटीचा पत्राही तसाच पुसा. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लावू नका. त्याने रबर कडक होते आणि आकसते. खोबरेल तेलाने रबर मऊ होते अशी समजूत आहे, पण तेलावर धूळ बसून आठ दिवसांत तो भाग अधिकच चिकट होतो.

रबर स्वच्छ आहे, फाटलेले नाही, पण कोपऱ्यात आत दबून राहिले आहे, अशी अवस्था असेल तर ते उष्णतेने पुन्हा फुलवता येते. हे रबर म्हणजे खरे तर मऊ केलेले पीव्हीसी असते, आणि गरम झाले की ते वळते. केस वाळवण्याचे यंत्र वीतभर अंतरावरून सतत हलवत ठेवून तो भाग हाताला सोसेल इतका गरम करा, बोटांनी हळूच बाहेर ओढा, आणि थंड होईपर्यंत घडीत कापडाची सुरळी घालून ठेवा. ते यंत्र नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा चालतो. उकळते पाणी ओतू नका, आणि मेणबत्ती किंवा लायटर जवळ आणू नका. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो; मागच्या स्टिकरवर त्याचे नाव छापलेले असते.

रबर जागोजागी चिरले असेल, कडक होऊन दुमडत नसेल, किंवा गरम करूनही पुन्हा दबत असेल, तर ते बदलावे. तिथे काटकसर करू नये. मॉडेलचा पूर्ण क्रमांक आतल्या स्टिकरवरून लिहून घ्या आणि नुसत्या ‘दोनशे साठ लिटर’ या वर्णनावर रबर आणू नका. बऱ्याच शहरांत मापाने पट्टी कापून, कोपरे गरम करून जोडून रबर तयार करून देतात. ते वाईट नसते, पण माप खाचेपासून खाचेपर्यंत घ्यावे लागते आणि पट्टीचा छेद तंतोतंत जुळावा लागतो. म्हणून जुन्या रबराचा तुकडा बरोबर न्यावा. नवे रबर घडी घालून आलेले असते. ते अर्धा तास उन्हात सपाट ठेवा, आधी चार कोपरे बसवा आणि मग मधला भाग दाबत जा. काही जुन्या फ्रिजमध्ये रबर खाचेत नसते, तर आतल्या प्लास्टिकच्या कडेखाली स्क्रूंनी धरलेले असते. ते स्क्रू फक्त सैल करायचे असतात. सगळे काढले की दाराची चौकट सुटते आणि दार पिळले जाते. मात्र याच रचनेमुळे पिळलेले दार सरळही करता येते: स्क्रू सैल करून, दार उलट दिशेने हलके वळवून धरून ते पुन्हा आवळायचे. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर, पाण्यावर तरंगून आडवे पडलेल्या फ्रिजची अशी कितीतरी दारे आम्ही सरळ केली. आतल्या फोमला घट्ट चिकटवलेली नवी दारे मात्र वळवता येत नाहीत. ती वाकली तर बदलावीच लागतात.

गॅसबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो आणि कुठे गळती असेल तरच कमी होतो. तुमच्या फ्रिजमध्ये जे होत आहे ते दाराच्या फटीने पूर्ण समजावता येते. बाहेरची दमट हवा सतत आत येते, तिच्यातले पाणी मागच्या पडद्याआडच्या कॉईलवर बर्फ होऊन साठते, बर्फाने हवेची वाट अडते, थंडी खाली पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. पाणी वाहून जाण्याचे भोकही बर्फाने बुजते, म्हणून ते भाजीच्या ट्रेखाली साचते. यात आधी गॅस भरला तर पैसे जातील आणि तक्रार राहील. दार दुरुस्त झाल्यावर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, आणि दोन्ही दारे उघडी ठेवून किमान बारा तास, शक्य असल्यास पूर्ण दिवस राहू द्या. खाली फडकी घाला, कारण पाणी बरेच निघते. ही पायरी गाळली तर जुना बर्फ तसाच राहतो आणि दार दुरुस्त होऊनही काही फरक पडला नाही असे वाटते. बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका. कॉईलला सुईएवढे भोक पडले तरी सगळा गॅस जातो. नसलेली तक्रार तिथे खरी होते. बर्फ पूर्ण वितळून, दार गच्च बसत असूनही चोवीस तासांत खालचा कप्पा थंड झाला नाही, तर मग गॅसची आणि बर्फ वितळवणाऱ्या हीटरची तपासणी करून घ्यावी.

याच संदर्भात दोन शंका नेहमी येतात. चौकटीची कड हाताला कोमट लागते, ते बिघाडाचे लक्षण नाही. तिथे दव जमू नये म्हणून बऱ्याच फ्रिजमध्ये गरम नळी मुद्दाम त्या कडेमागून फिरवलेली असते. आणि वरचे दार जोरात लावल्यावर खालचे दार क्षणभर सुटते, कारण दोन्ही कप्प्यांची हवा आतून जोडलेली असते. खालचे दार परत जाऊन बसत असेल तर चिंता नको. उघडेच राहत असेल तर फ्रिज पुन्हा एकदा मागे किती झुकला आहे ते पाहावे.

राहिली कडी. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण कडी लावू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक कारण यांत्रिक आहे: कडी दाराला एकाच जागी ओढते, त्यामुळे तिथले रबर दबते आणि दूरचे कोपरे उलट अधिक उघडतात. दुसरे कारण यापेक्षा फार मोठे आहे. पूर्वी फ्रिजच्या दारांना बाहेरून खटकीच असे. खेळताना आत लपलेल्या मुलांना ती आतून उघडता येत नसे, आणि घट्ट दारामुळे त्यांचा आवाजही बाहेर येत नसे. अशा मृत्यूंमुळे अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९५८ च्या अखेरीपासून तिथे बनणाऱ्या घरगुती फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता आलेच पाहिजे असे बंधन आले. चुंबकाचे रबर सर्वत्र रूढ होण्यामागे हे मोठे कारण आहे. तुमच्या घरी पाच वर्षांची मुलगी आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे इतक्या विस्ताराने सांगितले. पुढे कधी हा फ्रिज टाकून द्यायचा झाला, तर त्याचे दार काढूनच तो घराबाहेर ठेवा.

आज रात्रीपुरता उपाय हवा असेल तर दारातल्या सगळ्या बाटल्या आत हलवा, समोरच्या दोन्ही पायांखाली सारख्या जाडीचे प्लायवूडचे तुकडे सरकवा, आणि नोटेची चाचणी करून जिथे पकड नाही त्या जागा लिहून ठेवा. मेकॅनिक आला की आधी त्या खुणा दाखवा आणि खालची बिजागरी त्याला तुमच्यासमोर तपासायला सांगा.